ऑपरेशननंतरचा पहिला आठवडा : नवऱ्याने, बायकोने काय करावं?

मोठं ऑपरेशन ठरलं की कर्जत-खालापूरच्या घरांत पहिला प्रश्न येतो, 'न्यायचं कुठे?' कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय, कशेळे आणि चौक इथली ग्रामीण रुग्णालयं हाताशी आहेत. पण बायपास, कॅन्सर, मेंदूचं किंवा पोटाचं मोठं ऑपरेशन म्हटलं की कामोठ्याचं एमजीएम, नेरुळचं डी. वाय. पाटील, नाहीतर थेट मुंबईतलं केईएम, टाटा, शीवचं लोकमान्य टिळक किंवा भायखळ्याचं जे. जे. गाठावं लागतं. कर्जत ते सीएसएमटी हे अंतर सुमारे १०० किलोमीटर. खोपोलीकरांना त्याआधी लौजी, डोलवली, केळवली, पळसदरी करत कर्जतला यावं लागतं. म्हणजे आपल्या भागात जोडीदार आजारी पडला की आजाराबरोबर अंतराशीही झुंजावं लागतं. घर, गुरं, मुलांची शाळा, शेतीची कामं इकडे आणि पेशंट तिकडे.

हा लेख त्या नवऱ्यासाठी किंवा बायकोसाठी आहे, जिला किंवा ज्याला पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून पुढचा आठवडा काढायचा आहे.

आपल्याकडे आजाऱ्याची सेवा म्हणजे त्याला हातपाय हलवू न देणं, अशी समजूत घट्ट आहे. पाणी तोंडाशी धरायचं, कूसही आपणच बदलून द्यायची आणि 'पडून राहा, उठू नका' म्हणत राहायचं. त्यामागे माया असते, पण शस्त्रक्रियेनंतरच्या काळजीचं शास्त्र आता वेगळं सांगतं. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केहलेट यांनी १९९०च्या दशकात आतड्याच्या ऑपरेशनच्या रुग्णांबाबत दाखवून दिलं की दुखणं नीट आटोक्यात ठेवलं, खाणं लवकर सुरू केलं आणि रुग्णाला लवकर चालवलं, तर तो लवकर सावरतो. आता जगभरची रुग्णालयं अनेक ऑपरेशनांसाठी हाच मार्ग धरतात. जोडीदाराने यातून एक गोष्ट घ्यावी. रुग्णाला जे जमतं ते त्याला स्वतः करू द्यावं. जे त्याला बघता येत नाही, लक्षात ठेवता येत नाही किंवा बोलून दाखवता येत नाही, ते आपल्याकडे घ्यावं.

भरती होतानाच खरं सांगा

डॉक्टर विचारतात, 'काही व्यसन?' आणि नातेवाईक संकोचाने 'नाही' म्हणतात. असं कधीही करू नका. रोज दारू पिणाऱ्या माणसाची दारू भरती झाल्यावर अचानक बंद होते आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, घाम, झोप उडणं, भास होणं, क्वचित फिट येणं सुरू होऊ शकतं. डॉक्टरांना आधी माहीत असेल तर त्यावर वेळेत औषध देता येतं. तंबाखू, विडी, मिश्री यांचंही तसंच. फुप्फुसं आणि जखम भरून येण्याची गती या दोन्हींशी त्यांचा संबंध आहे. ही गोष्ट नवऱ्यासमोर बोलणं बायकोला अवघड जात असेल, तर सिस्टरना किंवा डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगा.

सोबत चालू गोळ्यांची पाकिटं न्या. रक्त पातळ करणारी गोळी, साखरेची, बीपीची, शिवाय गावठी औषध किंवा काढा चालू असेल तर तेही सांगा. कुठल्या औषधाने पूर्वी पुरळ आलं असेल, दम लागला असेल, तर ते ठळक अक्षरात लिहून द्या.

एक साधी वही घ्या. तारीख, डॉक्टर राउंडला काय म्हणाले, कोणती तपासणी झाली, किती पाणी दिलं, लघवी किती झाली, पुढच्या राउंडला काय विचारायचं, सगळं त्यात लिहा. झोपेविना काढलेल्या रात्रीनंतर आपलं डोकं काहीच नीट धरून ठेवत नाही. दुसरा नातेवाईक पाळीवर आला की ही वहीच त्याच्या हातात द्यायची.

आयसीयूतली पहिली भेट

आयसीयूत पहिल्यांदा पाऊल टाकाल तेव्हा धक्का बसेल, हे आधीच मनाशी धरा. तोंडात किंवा नाकात नळी, गळ्याच्या शिरेत सुई, जखमेतून बाहेर आलेली निचऱ्याची नळी, लघवीची पिशवी, छातीला चिकटवलेल्या तारा आणि सतत वाजणारं मशीन. चेहरा सुजलेला दिसू शकतो. यातलं बरंचसं मोठ्या ऑपरेशननंतर नेहमीचंच असतं. कोणती नळी कशासाठी आणि ती कधी निघेल, हे सिस्टरना शांतपणे विचारा. कारण कळलं की भीती निम्मी होते.

आत जाताना हात साबणाने किंवा तिथल्या सॅनिटायझरने चोळून घ्या, बाहेर पडतानाही. व्हेंटिलेटरवरचा माणूस बोलू शकत नाही, पण तुमचा आवाज त्याच्यापर्यंत पोहोचत असण्याची शक्यता असते. नाव घेऊन हाक मारा, कुठे आहोत ते सांगा, ऑपरेशन झालं आहे हे सांगा, पोरं बरी आहेत हे सांगा. त्याच्या उशाशी उभं राहून बिलाची किंवा 'डॉक्टर काही नीट सांगत नाहीत' अशी चर्चा करू नका. लघवीची पिशवी नेहमी पोटाच्या पातळीखाली लटकलेली हवी. पलंगावर उचलून ठेवू नका.

दुखणं सांगायला शिकवा

आपल्याकडची माणसं दुखणं गिळतात. 'किती वेळा त्या सिस्टरना हाक मारायची?' म्हणून बायको गप्प राहते, आणि 'गडी माणूस आहे, सोसलं पाहिजे' म्हणून नवरा. त्याचा परिणाम जखमेपुरता राहत नाही. दुखतं म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, उठत नाही; मग छातीत कफ साठतो आणि न्यूमोनियाची वाट मोकळी होते.

म्हणून 'दुखतंय का?' असं विचारू नका, उत्तर 'नाही' येईल. 'शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे सहन न होणारं, तर आत्ता किती?' असं विचारा. नुसतं पडून असताना किती आणि खोकताना किती, हे वेगळं विचारा. खोकताना आकडा मोठा असेल तर सिस्टरना सांगा. दुखणं शिगेला पोहोचल्यावर गोळी मागण्यापेक्षा ते वाढू लागताच मागणं चांगलं. चालायला उठवण्याआधी वेदनाशामक देता येईल का, हेही विचारून ठेवा. बाहेरून आणलेली गोळी आपल्या मनाने देऊ नका.

श्वास, खोकला आणि पावलं

माझ्या मते जोडीदाराचा खरा उपयोग इथे सर्वांत जास्त होतो.

पोटाच्या किंवा छातीच्या ऑपरेशननंतर बहुतेक ठिकाणी तीन चेंडूंचं छोटं यंत्र देतात. अनेक रुग्ण त्यात जोराने फुंकतात. ते यंत्र फुंकायचं नसतं. नळी ओठांत घट्ट धरून हवा सावकाश आत ओढायची, चेंडू वर गेले की दोन-तीन सेकंद धरायचं, मग सोडायचं. जागेपणी दर तासाला साधारण दहा वेळा हा व्यायाम सांगतात. तुमच्या रुग्णाला किती, ते फिजिओथेरपिस्टकडून नक्की करून घ्या. आठवण करून देणं हे तुमचं काम. खोकायला सांगताना उशी किंवा घडी केलेला टॉवेल जखमेवर दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरायला सांगा. टाके उसवतील ही भीती त्याने खूप कमी होते.

पलंगावर असतानाही पाऊल वर-खाली हलवणं, घोटा फिरवणं चालू ठेवायला लावा. पडून राहिल्याने पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतू शकतं. इथे एक मोठा इशारा. पाय चेपून देणं ही आपली प्रेमाची पद्धत. पण एका पायाची पोटरी सुजली असेल, गरम लागत असेल, दुखत असेल, तर ती अजिबात चेपू नका, तेल लावून चोळू नका. ताबडतोब डॉक्टरांना दाखवा.

पहिल्यांदा उठवणं नर्स किंवा फिजिओथेरपिस्ट असतानाच करा. आधी कुशीवर वळवायचं, पाय पलंगाखाली सोडायचे, मग हाताच्या आधाराने बसवायचं. थोडा वेळ पलंगाच्या कडेला बसू द्यायचं, गरगरत नाही ना पाहायचं, मगच उभं करायचं. बायपास झालेल्या माणसाने हातांवर जोर देऊन उठू नये आणि त्याला काखेत हात घालून ओढू नये; छातीचं हाड जुळायला साधारण दोन-तीन महिने लागतात. संडासात एकट्याला पाठवू नका. रुग्णालयात पडण्याचे बरेच प्रकार तिथेच होतात.

जो फार अशक्त आहे आणि उठू शकत नाही, त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची. माकडहाड, टाचा, खांद्याची पाती इथली कातडी लाल पडली आहे का, ते रोज बघा.

खाणंपिणं आणि 'गॅस पास झाला का?'

घरून आलेल्या डब्यात शिरा असतो, नारळपाणी असतं, मऊ भात असतो. ते सगळं प्रेमाने आलेलं असतं, पण डॉक्टर 'सुरू करा' म्हणेपर्यंत रुग्णाला चमचाभरही देऊ नका. काही ऑपरेशनांनंतर त्याच दिवशी घोट-घोट पाणी चालतं, काहींत आतडं हलायची वाट पाहावी लागते. राउंडला डॉक्टर 'गॅस पास झाला का?' विचारतात ते याचसाठी. लाजून चुकीचं उत्तर देऊ नये, हे रुग्णाला सांगा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर नारळपाणीसुद्धा विचारूनच द्या, त्यात पोटॅशियम भरपूर असतं.

खाणं सुरू झालं की थोडं थोडं, पण वारंवार. जखम भरायला प्रथिनं लागतात. वरण, मऊ मुगाची खिचडी, दही, अंडं, मासे चालणाऱ्यांना उकडलेला मासा यांतलं काय द्यायचं ते डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारा. 'टाक्यांना वातूळ, टाक्यांना आंबट' या समजुतींपायी माणसाला उपाशी ठेवू नका. वेदनाशामकांनी पोट कडक होतं, त्याचंही औषध असतं. शौचाला झालं नाही तर राउंडला सांगा.

रात्री माणूस वेगळंच बोलायला लागला तर

ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या रात्री, विशेषतः वयस्क माणूस, अचानक घर शोधू लागतो, नळ्या ओढतो, मेलेल्या भावाशी बोलतो, बायकोला ओळखत नाही. गावाकडचे नातेवाईक लगेच बाधेचा विषय काढतात. ही बाधा नसते. भूल, वेदना, जंतुसंसर्ग, झोप नसणं, शरीरातलं पाणी किंवा क्षार कमी होणं, लघवी तुंबणं अशा कारणांनी मेंदू काही काळ गोंधळतो. बहुतेक वेळा तो सावरतो, पण कारण शोधावं लागतं. म्हणून डॉक्टरांना लगेच सांगा.

तुमच्या हातात बरंच आहे. चष्मा, कानाचं यंत्र, कवळी जवळ ठेवा. दिवसा खिडकीचा पडदा उघडा, रात्री दिवा मंद करा. 'आज मंगळवार, आपण मुंबईत दवाखान्यात आहोत, मी तुझ्याजवळ आहे' असं साध्या शब्दांत पुन्हा पुन्हा सांगा. वाद घालू नका, रागावू नका. अशा रात्री ओळखीचा आवाज फार कामी येतो.

बोलायचं काय, आणि किती

'काही झालेलं नाही, उगाच रडू नकोस' हे वाक्य टाळा. बायपासनंतर, स्तन किंवा गर्भाशय काढल्यानंतर, पोटावर शौचाची पिशवी लावल्यानंतर माणसाला रडू येणं, चिडचिड होणं स्वाभाविक आहे. 'दुखतंय, भीती वाटतेय, कळतंय मला. मी इथेच आहे' एवढं पुरे. बऱ्याचदा बोलण्यापेक्षा हात धरून बसणं जास्त उपयोगी पडतं. अंग पुसताना, पिशवी बदलताना पडदा ओढून घ्या. जखमेकडे बघायला जोडीदार कचरला तर रुग्णाला ते लगेच कळतं. म्हणून पहिल्या ड्रेसिंगच्या आधी सिस्टरकडून जखम कशी दिसेल ते समजून घ्या.

भेटायला येणाऱ्यांची शिस्त तुम्हीच लावायची. गावाकडून दहा माणसं जीप करून येतात, आणि ती मायेनेच येतात. त्यांना सांगा, 'आत एकेकाने, दोन मिनिटं. बाकीच्यांनी घरी आल्यावर भेटा.' सर्दी-खोकला असलेल्यांना आत घेऊ नका.

पाळ्या लावा

एकट्याने आठवडा काढता येत नाही. मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत स्त्रियांच्या वॉर्डात रात्री पुरुषाला थांबू देत नाहीत, हे पुष्कळ नवऱ्यांना तिथे गेल्यावर कळतं. बायकोचं ऑपरेशन असेल तर नणंद, वहिनी, बहीण, मावशी यांच्याशी रात्रींचं आधीच ठरवा. पास किती मिळतात, बदली कधी करता येते, हे पहिल्याच दिवशी विचारा.

कर्जतहून ये-जा करणाऱ्याने रोज दोन्ही वेळचा प्रवास अंगावर घेऊ नये. दोन दिवस तिकडे, एक दिवस घरी, अशी पाळी बरी पडते. कर्जतला लोकल सुटते तिथे बसायला जागा मिळते, तेवढा वेळ झोपेला वापरा. पुढे कॅन्सरच्या उपचारांसाठी फेऱ्या माराव्या लागल्या तर लोकलमधल्या दिव्यांगांच्या डब्यातून कॅन्सरच्या रुग्णांनाही प्रवास करता येतो.

स्वतःच्या बीपीच्या, साखरेच्या गोळ्या सोबत ठेवा आणि वेळेवर घ्या. दोन वेळा जेवा. रुग्णाच्या पलंगाखाली चटई टाकून सलग रात्री काढणारी बायको चौथ्या दिवशी चक्कर येऊन पडली, तर दोघांचंही कोणी उरत नाही.

पैशाचं आधी बघा

२ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात रायगड होता. तीच योजना पुढे महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालू आहे. आता तिची व्याप्ती वाढली असून कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. मात्र शस्त्रक्रिया योजनेच्या यादीत असावी लागते आणि रुग्णालय योजनेला जोडलेलं असावं लागतं. म्हणून भरती होण्याआधीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा, रेशनकार्ड आणि आधार दाखवा, पूर्वमंजुरी घ्या. रेशनकार्डावर रुग्णाचं नाव आहे ना, ते आत्ताच बघा. वाड्यांवरच्या पुष्कळ कुटुंबांचं काम नेमकं इथे अडतं. माहितीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा विभागात उत्पन्नाचा दाखला घेऊन जा.

डिस्चार्जच्या दिवशी

डिस्चार्जचा कागद हातात घेऊन लगेच निघू नका. हे प्रश्न विचारा आणि उत्तरं वहीत लिहा :

- कोणती गोळी कधी, किती दिवस? आधीच्या गोळ्यांतली कोणती बंद?
- ड्रेसिंग कोण, कुठे करणार? प्राथमिक आरोग्य केंद्रात चालेल का? टाके कधी काढायचे?
- अंघोळ कधीपासून? जिना, वजन, दुचाकी कधीपासून?
- परत कधी दाखवायचं? अडचण आली तर फोन कोणाला?

गाडीत पुढच्या सीटवर, पाठ थोडी मागे टाकून बसवा. सीटबेल्टखाली छोटी उशी ठेवा. वाटेत थांबून पाय मोकळे करू द्या. चौक-कर्जतच्या पुढे गावरस्त्याला लागलात की टमटममध्ये दाटीवाटीने बसवू नका. तेवढा प्रवास सावकाश, मोकळ्या गाडीने करा. घरी पलंग आणि बसायचा संडास यांची सोय आधीच करून ठेवा, कारण जमिनीवरून उठणं आणि उकिडवं बसणं सुरुवातीला जड जातं. जखमेवर हळद, तेल, राख काही लावू नका.

पुढचं काही दिसलं तर उद्यावर ढकलू नका : १०१ अंश किंवा जास्त ताप, जखम लाल, गरम, पू किंवा वास, एका पोटरीला सूज, थांबत नसलेली उलटी, सहा-आठ तास लघवी नाही, अचानक गोंधळलेलं बोलणं. दम लागणं, छातीत दुखणं किंवा भळभळ रक्त येणं असेल तर १०८ला फोन करा. डिस्चार्जचा कागद सोबत असू द्या. तुमच्या आशाताईंना डिस्चार्जची माहिती पहिल्याच दिवशी द्या.

बायकोचं ऑपरेशन असेल तर

नवऱ्याचं ऑपरेशन झालं की महिनाभर घर त्याच्याभोवती फिरतं. बायकोचं झालं की आठव्या दिवशी ती चुलीपाशी दिसते आणि पंधराव्या दिवशी डोक्यावर हंडा असतो. भरलेला हंडा दहा-पंधरा किलोंचा असतो. गर्भाशयाच्या किंवा पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर साधारण सहा आठवडे असं ओझं उचलायचं नसतं; पोटाच्या आतले थर जुळायला तेवढा वेळ लागतो, आणि बाहेरचे टाके सुकलेले दिसले तरी आतलं काम चालूच असतं. लावणीचं वाकून काम तर त्याहूनही लांब.

म्हणून नवरे मंडळींना कळकळीने सांगतो, पाणी कोण भरणार, भाकरी कोण थापणार, गुरांचं कोण बघणार, हे ऑपरेशनची तारीख ठरेल त्याच दिवशी घरात बसून ठरवा. काही कामं तुम्ही घ्या, काही मुलांना द्या, काहींसाठी भावकीला हाक मारा. सहा आठवड्यांनंतरच्या तपासणीला तिच्याबरोबर स्वतः जा, आणि कोणतं काम कधीपासून सुरू करायचं, हे डॉक्टरांना तिच्यासमोर विचारा. दवाखान्यातल्या आठवड्यात तुम्ही जागलात, त्याचं चीज या सहा आठवड्यांतच होणार आहे.